साडेसात मिलिमीटर

आमचे घरमालक खोली बघायला आलेल्या माणसाला पगार विचारत नसत, माणसं किती हेही विचारत नसत. ते त्याला खुर्चीवर बसवत, पाणी देत, मग गुडघ्यावर एक लांबट वही उघडून विचारत, "रोज कुठे जाता? आणि पोचायला किती मिनिटं लागतात?"

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कॉलेजच्या लायब्ररीत असते. अर्धा तास तरी लागतो."

"अर्धा तास तरी म्हणजे किती?"

"तीस मिनिटं."

"रिक्षाने की बसने?"

"बसने."

"मग तीस नाही. स्टॉपवर उभं राहायचे नऊ धरा." त्यांनी वहीत एकोणचाळीस लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. "पोचलात की इथल्या फोनवर दोन रिंग द्यायच्या आणि बंद करायचा. आम्ही उचलणार नाही. तुमचा फोन फुकटात, आणि आमचं काम होतं."

"कसलं काम?"

"केर काढायचं," ते म्हणाले.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हे मला नवीन नव्हतं. वणीला आमच्या घरीही आई पाळायची. मोठ्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे लगेच केरसुणी फिरवली की ते माणूस घराबाहेर लोटल्यासारखं होतं, असं ती म्हणे. पण बाकीची माणसं हे लांबच्या प्रवासापुरतं पाळतात. आमच्या या घरमालक काकांना कॉलेजची लायब्ररीही लांबच होती, आणि दूधकेंद्रही. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत त्यांचं घर सगळ्यांत उशिरा झाडलं जाई. झाडत तेही स्वतःच. काकू केरसुणीला हात लावत नसत. ती कपाटात कुलपात असे आणि किल्ली काकांच्या कमरेला.

ते अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी गेटवर कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिली. निवृत्त झाल्यावर ते उरलेल्या जगाची लिहू लागले. वहीत चार रकाने होते: नाव, ठिकाण, निघाले, पोचले. अक्षर बारीक आणि उभट. पोचलेल्याचं निळ्या शाईत. उशीर झालेल्याचं लाल.

माझ्या शेजारच्या खोलीत एक तरुण भाडेकरू होता, तोही अंबडला जाई, शिफ्टने. एकदा तो रिंग द्यायला विसरला. साडेदहापर्यंत वाट बघून काका दोन रिक्षा बदलून कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमन जुना, ओळखीचा. त्याला म्हणाले, "बोलावू नकोस त्याला. आत आलाय का एवढंच सांग." परत येऊन, केर काढून, मग जेवले. संध्याकाळी तो पोरगा जिन्यात तणतणत होता. "काका, मला काय बालवाडीत सोडलंय का? सगळी शिफ्ट हसली माझ्यावर."

"हसू दे," काका म्हणाले. "तुझ्यासाठी नव्हतो आलो. मला केर काढायचा होता."

रोज सकाळी दारावर फुलं घेऊन एक मावशी यायच्या. त्यांचं गावाबाहेर शेवंतीचं नि झेंडूचं वावर होतं. त्या मला म्हणायच्या, "लय येडं घर हाय बाई हे. पण मला येक दिस उशीर झाला तर ह्ये नाक्यापतूर बघाया आले व्हते. माझा नवरा बी येत नाय."

मीही पहिले काही महिने त्यांना विक्षिप्तच समजत होते. दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधणाऱ्या माणसाला दुसरं काय समजणार? डाव्या हातावर आपली वेळ. उजव्या हातावरचं घड्याळ साडेअकरा तास मागे होतं. मी विचारलं तर म्हणाले, "हे वरचं."

वरचं म्हणजे काय, ते मला डिसेंबरातल्या एका संध्याकाळी थोडंसं कळलं. मी लायब्ररीतून उशिरा आले होते. नऊ वाजत आले असतील. जिना चढत होते, एवढ्यात खालचं दार उघडलं. काका उंबऱ्याशी उभे. आत ओटीवरच्या सतरंजीवर काकू बसलेल्या, हात मांडीवर. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बाजूला."

मी भिंतीला टेकले. दारात कुणी नव्हतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. काका दाराची फळी धरून एका अंगाला सरकले, पाहुण्याला आत घेताना सरकतात तसे, आणि तसेच उभे राहिले. माझ्या पायांवरून थंड वारा गेला. डिसेंबर होता, वारा थंड असायचाच. पण तो बाहेरून आत गेला नाही. आतून बाहेरही आला नाही. तो जिन्याच्या पायरीवर, माझ्या घोट्यांशी, काही वेळ थांबला.

"नाही," काका म्हणाले, आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकूंनी मला मेथी निवडायला बोलावलं. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. पण मेथीच्या दोन जुड्या होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

त्यांना एकच मुलगा होता. जनरेटरचा कारागीर. अंबडलाच शिकला, तिथून बाहेर गेला, आणि शेवटी पृथ्वीच्या पार वरच्या टोकाकडे कामाला लागला. "तिथे बर्फात गावं आहेत गं. वीज तारेतून जात नाही, गावागावात जनरेटर. बंद पडला की हा विमानाने जायचा. छोटं विमान, आठ-दहा माणसांचं. खालच्या गावाहून वरच्या गावाला. दुसरा रस्ताच नाही." त्या गावांची नावं त्यांना उच्चारता येत नव्हती. घरात ती खालचं आणि वरचं एवढ्याच नावांनी राहत होती.

विमान तिथल्या सकाळी सातला सुटायचं. पाचशे पंधरा किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं. "इथून वणीला दहा वेळा जावं तेवढं," काका म्हणत. मुलगा आदल्या दिवशी फोन करून सांगे, उद्या निघतोय. मग काका वेळ काढत. तिथले सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. सात पंचावन्नला पोचणार. आठला काका म्हणत, "पोचला." तोवर घरात केरसुणी हलत नसे. पोचल्यावर सवडीने मुलगा घरच्या फोनवर दोन रिंग देई. कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी, वरच्या गावात जसं जमेल तसं.

"तेव्हा दिवाळी होती," काकू म्हणाल्या. "पाहुणे येऊन गेलेले. चिवडा सांडलेला, रांगोळी पायाने घरभर झालेली. मी सकाळपासून तशीच बसले होते. आठ वाजले. हे म्हणाले, पोचला, काढ. मी काढला."

"मग?"

"तिकडे वर्षातून दोनदा सगळेजण घड्याळ फिरवतात. आदल्याच दिवशी एक तास मागे केलं होतं. यांना ठाऊक नव्हतं." त्यांनी मेथीची काडी मोडली. "मी केर काढला तेव्हा विमान सुटून अर्धा तासच झाला होता. ते वरच्या गावाला कधी पोचलं नाही."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"निघाल्यापासून विमानातून एक शब्द आला नाही, म्हणतात. महिनाभर शोधलं. मग तिथे सूर्यच उगवेना. आठला मी केरसुणी फिरवली तेव्हा ते वर होतं, की आधीच पडलं होतं, एवढंच मला कळायला हवं. आधीच पडलं असेल तर माझा हात सुटला. नाहीतर मी त्याला लोटलं."

"काकू, असं काही नसतं हो. आणि वेळ तर काकांनी सांगितली होती."

"त्यांनी सांगितली. पण केरसुणी कुणाच्या हातात होती?"

दिवस मावळल्यावर काढलेला केर बाहेर टाकत नाहीत, सकाळपर्यंत कोपऱ्यात ठेवतात. त्या संध्याकाळचा केरही काकूंनी दारामागे सुपलीखाली ठेवला होता. सकाळ झाली, दुपारी फोन आला. केर तिथेच राहिला. पुढे काकांनी तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरला आणि डबा दारामागे ठेवला. केर काढला होता, पण टाकला नव्हता. सगळं अर्ध्यावर होतं. काकांचं म्हणणं, अर्ध्यावर आहे तोवर काही ठरत नाही.

तेव्हापासून ते रोज हिशोब करत. संध्याकाळी उजव्या हातावरच्या घड्याळात सात वाजले की म्हणत, "सुटलं." आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेसहा आणि थंडीत साडेसात झालेले असत. मग टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे ओढत. खालचं गाव त्यावर छापलेलं होतं. वरचं नव्हतं, तिथे काकांनी सुईने टोचून खूण केली होती. दोन्हींच्या मध्ये ते पांढरा दोरा ताणत, कारखान्यातल्या स्टीलच्या पट्टीवर मोजत. बारा मिलिमीटर. सगळा प्रवास माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. त्यातली पहिली चार मिलिमीटर म्हणजे पहिला अर्धा तास, सुटल्यापासून काकूंनी केरसुणी उचलेपर्यंतचा. मग वारा किती असेल, थंडीत इंजिन किती ओढत असेल, उंची किती, असं लिहीत बसत. स्वयंपाकघरातून काकू विचारत, "कुठवर आलं?"

"अजून पक्कं नाही," काका म्हणत. "वारा धरायचा राहिलाय."

मला पुस्तकांची सवय आहे. पुस्तकात एखादी गोष्ट चमत्कारिक वाटली की पान उलटता येतं. त्या घरात मी पाच वर्षं राहिले आणि ती पान उलटायची सोय हळूहळू गेली.

एकदा मे महिन्यात, नाशिकचं ऊन वितळलेल्या डांबरावर पडलेलं असताना, मी दारामागची छत्री घ्यायला वाकले आणि माझा हात डब्याला लागला. डबा घामेजलेला होता. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर असतात तसे थेंब. मी बोट ठेवलं आणि ते चिकटलं. ओढून काढावं लागलं. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"हात नको लावूस गं," काकू आतून म्हणाल्या. मी काही बोललेही नव्हते. "चिकटतो तो."

काका आले, फडक्याने डबा पुसला, फडकं दांडीवर वाळत टाकलं. "फरशी ओल धरते," ते म्हणाले. फरशी कोरडी होती.

आणि तो वर्षातला एक दिवस. नोव्हेंबरात तिकडे घड्याळ मागे गेलं की काका उजव्या हातावरचं घड्याळ तासभर मागे करत. त्यानंतरच्या संध्याकाळी आठ ते नऊ हा तास घरात कुणी हलायचं नाही. चुकीचे आठ आणि बरोबरचे नऊ यांच्या मधला तो तास. मला त्यांनी कधी बस म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी मी आपण होऊन खाली जाऊन बसले. काकू भिंतीकडे तोंड करून. काका खुर्चीत, दोन्ही मनगटं समोर टेबलावर. पंखाही बंद.

आठ वाजून काही मिनिटं झाली असतील. वरून आवाज आला. सप्. सप्. सप्. फरशीवरून केरसुणी ओढल्याचा.

"ऐकलंस?" काकू भिंतीलाच म्हणाल्या.

"वर कुणी नाही," काका म्हणाले.

ओटीच्या बरोबर वर माझीच खोली होती, कुलूप लावलेली; शेजारचा पोरगा शिफ्टला गेला होता. नऊ वाजल्यावर मी वर गेले. कुलूप तसंच होतं. दिवा लावला. दारामागच्या कोपऱ्यात मूठभर केर गोळा करून ठेवलेला होता. तो मीच सकाळी काढून, बसच्या घाईत, टाकायचा विसरले असेन. मी तसं स्वतःला सांगितलं आणि रात्रभर तो टाकला नाही.

त्यानंतरच काही दिवसांनी मी काकांना माझी गोष्ट सांगितली. ती मी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्याकडे राहायला येण्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली. वणीच्या घरातून दुपारी ॲम्ब्युलन्सने तिला नाशिकला नेलं. भाऊ बरोबर गेला, मी मागे राहिले. आईला उलटी झाली होती, घर तसं बघवेना. मी केर काढला, फरशी पुसली. आई परत आली नाही. मी शिकलेली बाई आहे. केराचा आणि हृदयाचा काही संबंध नाही हे मला नीट ठाऊक आहे. तरी त्या दिवसानंतर केरसुणी उचलली की माझ्या तळहाताला घाम येई.

काकांनी सांत्वन केलं नाही. वही उघडली.

"ॲम्ब्युलन्स किती वाजता निघाली?"

"तीन चाळीस."

"केर?"

"चार पंचवीसला. घड्याळ बघितलं होतं मी."

"हॉस्पिटल कुठलं? रस्त्यात रेल्वेचं फाटक? घाट? सायरन चालू होता?" त्यांनी बराच वेळ लिहिलं, काहीतरी खोडलं, परत लिहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पोचली होती. चार वीसला ॲम्ब्युलन्स दारात होती. तुझा केर पाच मिनिटं नंतरचा आहे."

मी हसले, आणि मग वर जाऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी केर काढताना हात कोरडा होता. आकड्यांवर माझा एवढा विश्वास कधी बसला नव्हता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काका आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी घरी पाठवलं, आणि का पाठवलं ते आम्हाला कळलं. काकू देवळात गेल्या असताना एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. पृथ्वीगोल खाटेवर, मांडीशी होता. त्याच्या लाकडी बुडाखालून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला.

"वाच."

इंग्रजी पत्र होतं, तीन वर्षांपूर्वी आलेलं. सभ्य आणि कोरडं. वरच्या गावाच्या वाटेवर एका भूशिरावर शिकाऱ्यांना विमानाचे अवशेष सापडले होते. माणसांचं काही मिळालं नव्हतं. खाली जागेचे अक्षांश-रेखांश दिले होते.

"हे काकूंना..."

"नाही. तू मोज."

मी दोरा घेतला. रेघांवरून ती जागा शोधली. तिथे आधीच सुईचं एक भोक होतं. खालच्या गावापासून त्या भोकापर्यंत दोरा ताणला, पट्टीवर ठेवला.

"किती?"

"साडेसात मिलिमीटर."

"मलाही साडेसातच." ते उशीला टेकले. "तीन वर्षं रोज साडेसात. म्हणजे त्रेपन्न मिनिटं. आठ तेवीसपर्यंत विमान वर होतं. तिने आठला केर काढला."

"काका, या गोलावर मिलिमीटरला चाळीस किलोमीटर होतात. हा दोराच एक मिलिमीटर जाड आहे."

"त्याने एक सुटेल," काका म्हणाले. "चारच्या आत यायला हवं. अडीच कुठून आणू?"

खिडकीतून रिक्षांचा आवाज येत होता. मी विचारलं, "मग तीन वर्षं रोज काय मोजत होता?"

"हिशोब चालू आहे तोवर ती विचारते, कुठवर आलं. बंद केला तर विचारेल, काय आलं." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "एक तास मी चुकलो. आयुष्यात एकाही कामगाराचं मिनिट मी चुकीचं लिहिलं नव्हतं. आता मी निघालो की ती तुला विचारेल. तू तिला सांग."

"काय सांगू?"

ते उत्तर देणार होते, पण फाटकाची कडी वाजली, काकू आल्या. काकांनी पृथ्वीगोल सरळ केला आणि मोठ्याने म्हणाले, "वारा धरायचा राहिलाय."

आठवड्याने ते गेले. दुपारी, झोपेतच. डाव्या हातावरचं घड्याळ चालू होतं, उजव्या हातावरचंही.

माणसं जमली. चार वाजून पस्तीस मिनिटांनी शववाहिनी निघाली. शेजारच्या खोलीतला तो अंबडचा पोरगा पुढे बसला. बायका मागे राहिल्या. प्रेत घराबाहेर पडलं की लगेच घर झाडतात, धुतात. त्याने परत वळू नये म्हणून. परत यायच्या माणसाच्या मागे झाडत नाहीत, न यायच्या माणसाच्या मागे ताबडतोब झाडतात. फुलवाल्या मावशींनी किल्लीने कपाट उघडून केरसुणी काढलीसुद्धा.

काकू ओटीवर सतरंजीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठेव ती."

"अहो बाई, असं नाय ठिवत. गेल्या माणसामागं घर झाडाया लागतं."

"पोचू दे त्यांना आधी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्या बायका पदर सावरत अंगणात सरकल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. मावशींनी केरसुणी काकूंच्या शेजारी आडवी ठेवली आणि त्याही बाहेर गेल्या.

"अमरधाम किती वेळ लागतो गं?" काकूंनी विचारलं. "वहीत बघ. असेल त्यात."

मी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर होतं. ठिकाण: अमरधाम. शववाहिनीने पंचवीस मिनिटं, बाजाराच्या दिवशी एकतीस. नावाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं. निघाले आणि पोचले हे रकाने कोरे.

"आज बाजार आहे," मी म्हटलं. "एकतीस."

काकूंनी मान हलवली. आम्ही बसून राहिलो. हाताला काहीतरी हवं म्हणून मी पानं मागे उलटत गेले, आणि मला माझं पान सापडलं. वणी ते नाशिक. आधी लिहिलेला आकडा एका रेघेने खोडला होता, पण वाचता येत होता: पोच चार पन्नास. केर चार पंचवीस. त्याखाली, वेगळ्या, जड हाताने: पोच चार वीस. चाळीस मिनिटांत वणीहून त्या हॉस्पिटलच्या दारात यायचं तर उडतच यावं लागलं असतं.

मी ते पान बराच वेळ बघत होते. त्यांनी माझ्यासाठी चूक लिहिली होती. जाणूनबुजून, निळ्या शाईत.

"त्यांचा हिशोब कुठवर आला होता?" काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे नव्हे, दारामागच्या डब्याकडे बघत होत्या. "तुला ठाऊक असणार. तुला दाखवलं त्यांनी."

"झाला होता, काकू."

"मग? काय आलं?"

मी तोंड उघडलं. आणि फोन वाजला.

आतल्या खोलीतला तो जुना, तारेचा फोन. एक रिंग झाली. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. दुसरी झाली. मग थांबला.

मी घड्याळ बघितलं. पाच वाजून सहा मिनिटं. बरोबर एकतीस मिनिटं. त्या अंबडच्या पोराने सवयीने दिल्या असतील रिंगा. त्याला ती सवय काकांनीच लावली होती. मी त्याला पुढे कधीच विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही.

"लिही," काकू म्हणाल्या.

मी वहीत काकांच्या नावापुढे निघाल्याची वेळ लिहिली, पोचल्याची लिहिली. निळी शाई. काकू सरकून जवळ आल्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि पानं मागे, खूप मागे उलटली, कागद पिवळा पडलेल्या पानापर्यंत. तिथे त्यांच्या मुलाचं नाव होतं. ठिकाण: वरचं. निघाला: साडेसहा. ते लाल शाईने खोडून: साडेसात. पुढचा रकाना कोरा.

त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथेही लिही."

"किती वाजले लिहू, काकू?"

त्यांनी बोट तिथून उचललं नाही. मी पेनचं टोपण काढलं. पत्र माझ्या पर्समध्ये वर, माझ्या खोलीत होतं. साडेसात मिलिमीटर मला पाठ होते.

मी लिहिलं: पोचला. सात पंचावन्न.

काकूंनी ते वाचलं. अक्षरावरून एकदा बोट फिरवलं, शाई ओली होती ती पुसटशी पसरली. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शेजारची केरसुणी उचलली. दारामागचा डबा दोन्ही हातांनी धरला, आणि तो त्यांच्या हाताला चिकटला नाही. झाकण काढून त्यांनी तो ओटीवर उपडा केला. चिवड्याचे काळे पडलेले पोहे, झेंडूची पाकळी, गुलाबी रांगोळी. सगळं ओलं होतं, काहीतरी नुकतंच वितळल्यासारखं.

त्या वाकल्या आणि आतल्या खोलीपासून झाडायला लागल्या. सप्. सप्. सप्. मला तो आवाज ओळखीचा होता. उजेड होता अजून, केर बाहेर टाकायला चालणार होता. मी उठून दार सताड उघडलं आणि एका अंगाला सरकून उभी राहिले.